शिंगीचा काटा आणि हाताचे बोट

कृष्णेच्या काठी जाळे ओढणाऱ्या माणसाला मासा चावला असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘शिंगीने मारले’ किंवा ‘काटा लागला’ असे म्हणतात आणि हे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे, कारण या माशाचे विष त्याच्या दातांत नसून त्याच्या परांच्या काट्यांत असते. सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे समुद्रापासून घाटाने तोडलेले असल्यामुळे विषारी मासा म्हटले की आपल्याला ऑस्ट्रेलियाचा किनारा आठवतो. प्रत्यक्षात मात्र अशी दुखापत हरिपूरच्या संगमावर, कोयनेच्या जलाशयात, शेततळ्यात किंवा आपल्याच मोरीत मासे साफ करताना होऊ शकते. तिच्यावरचा पहिला उपाय बहुतेक प्रत्येक घरात तयार असतो, तरीही तो फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. त्याहूनही कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की ठणका उतरणे आणि बोट वाचणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

आपल्याकडच्या गोड्या पाण्यातले असे मासे म्हणजे मुख्यतः मिशा असलेले, खवले नसलेले मासे, म्हणजे शिंगी, मांगूर, शिंगाळा आणि त्यांचे छोटे भाऊबंद. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या मिशाळ माशांच्या किमान 1250 जाती विषारी असाव्यात असा अंदाज मांडला होता, म्हणजे विषारी माशांच्या यादीत हा गट फार मोठा आहे. समुद्रातून घाट उतरवून, खरे तर चढवून, आपल्या बाजारात येणाऱ्या मासळीत खाऱ्या पाण्यातला शिंगाळा असतो, कधी पाकटही असते. पाकटीचा काटा तिच्या शेपटीवर असतो आणि कोळी बहुधा ती शेपटी आधीच तोडून टाकतात, त्यामुळे घाटावरच्या गिऱ्हाइकाला तिच्यापासून धोका कमी. तिचा मार बसतो तो कोकणात सुट्टीसाठी जाऊन उथळ पाण्यात चालणाऱ्याच्या पायाला किंवा जाळे सोडवणाऱ्याच्या हाताला. या सगळ्यांत सर्वाधिक मानाचा उल्लेख शिंगीचा करावा लागेल. ती हवेतला प्राणवायू घेऊ शकते, त्यामुळे पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते आणि बाजारात बहुधा जिवंतच विकली जाते. म्हणजेच ती स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचते.

शिंगाळ्यासारख्या माशांना तीन काटे असतात, पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांच्या पुढच्या कडेला एकेक. शिंगी आणि मांगूर यांच्या पाठीवर काटा नसतो, त्यांचे हत्यार म्हणजे बाजूचे दोन काटेच. मासा घाबरला की हे काटे आडवे उघडतो आणि मुळाशी असलेल्या सांध्यात ते असे अडकवतो की नुसत्या दाबाने ते मिटत नाहीत. काट्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, आणि संपूर्ण काट्यावर कातडीचे पातळ आवरण असते, ज्याच्या आत विष तयार करणाऱ्या पेशी असतात. सापाच्या दाताला जशी नळी असते तशी इथे नसते. काटा बोटात घुसताना ते आवरण फाटते, पेशी फुटतात आणि त्यांतले विष जखमेत सांडते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, विष टोचण्यासाठी माशाला काही करावे लागत नाही, म्हणून नुकत्याच मेलेल्या माशाचा काटाही इजा करू शकतो. दुसरी, विषाबरोबर आवरणाचे तुकडे, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत चिकट पदार्थ, नदीतला गाळ आणि त्यातले जंतू असे सगळे सामान एकाच वेळी बोटात खोल जाते, आणि वरून दिसते ते एक बारीक छिद्र.

काटा लागताच ठणका सुरू होतो. तो जखमेच्या आकाराच्या मानाने इतका अधिक असतो की पाहणाऱ्याला माणूस बाऊ करतो आहे असे वाटावे. वेदना मनगटाकडे, कधी कोपरापर्यंत चढते, बोट लाल होते किंवा छिद्राभोवती पांढुरके पडते, हात टम्म सुजतो. काहींना मळमळ, घाम, चक्कर असाही त्रास होतो. उपचार न केल्यास हा ठणका काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत राहू शकतो. आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या विषाने जीव जाणे ही गोष्ट सामान्य नाही, परंतु श्वास घ्यायला त्रास होणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे, शुद्ध हरपणे यांपैकी काही दिसले तर घरगुती उपचारात एक मिनिटही न घालवता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, कारण ती तीव्र ॲलर्जी असू शकते.

आता पहिल्या उपायाकडे वळू. हे विष प्रथिनांचे बनलेले आहे आणि ती प्रथिने उष्णतेने बिघडतात. म्हणून दुखरा हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवणे हा माशांच्या काट्यांवरचा जगभर मान्य असलेला प्रथमोपचार आहे. पाण्याचे तापमान 45 अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये आणि हात 30 ते 90 मिनिटे पाण्यात राहायला हवा. पाणी निवत जाईल तसे त्यात गरम पाणी घालत राहावे, मात्र घालताना हात बाहेर काढावा. हात बाहेर काढल्यावर ठणका पुन्हा चढला तर पुन्हा बुडवावा. अनेकांना पहिल्या काही मिनिटांतच लक्षणीय आराम पडतो.

आपल्या घरी तापमापक नसतो आणि असला तरी तो तापाचा असतो. इथे एक साधा नियम पाळायचा: पाण्यात आधी चांगला हात बुडवायचा आणि तो तिथे सुखाने ठेवता आला तरच दुखरा हात घालायचा. हा नियम केवळ सावधगिरीचा नाही. ठणकणाऱ्या हाताला उष्णतेची खरी जाणीव राहत नाही, ‘अजून गरम घाला’ असे माणूस स्वतःच म्हणत राहतो आणि विषाच्या दुखण्यावर भाजल्याचे दुखणे चढते. बंबातले पाणी थेट ओतणे किंवा गिझरचे पाणी विसण न घालता वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे. पुष्कळ ठिकाणी हे समजावताना उकडलेल्या अंड्याची उपमा देतात. उपमा सोपी आहे, पण अर्धवट आहे, कारण अंड्याचा पांढरा भाग घट्ट व्हायला 60 अंशांच्या पुढचे तापमान लागते आणि तेवढ्या पाण्यात विषाआधी बोटच शिजेल. शिवाय गरम पाण्याने मिळणारा आराम केवळ विष बिघडल्यामुळे मिळतो असेही नाही. उष्णतेची जाणीव वाहणाऱ्या नसा वेदनेच्या संदेशाला काही प्रमाणात अडवतात, हाही त्याचा एक भाग मानला जातो. काहीही असो, उपाय स्वस्त आहे आणि योग्य तापमानात निर्धोक आहे. पहाटे नदीवर जाणाऱ्यांनी चहाच्या थर्मासबरोबर साध्या गरम पाण्याचा एक थर्मास नेला तर तो चहापेक्षा अधिक कामाला येण्याची शक्यता आहे.

मासळीच्या दुकानात गरम पाणी नसते, बर्फ मात्र ढिगाने असतो, त्यामुळे तिथे काटा लागला की हात साहजिकच बर्फात जातो. बर्फाने कातडी बधिर होते, पण विष निष्क्रिय होत नाही. शेजारच्या चहाच्या गाड्यावरून गरम पाणी मागून आणणे हा तिथला अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

पाणी तापेपर्यंतची दोन-चार मिनिटे वाया घालवू नयेत. बोटातली अंगठी, मनगटातले कडे, बांगड्या, बांधलेला गंडा हे सगळे लगेच काढावे, कारण तासाभराने हात सुजला की तीच अंगठी बोटाचा रक्तपुरवठा तोडू शकते आणि मग ती कापावी लागते. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. काटा बोटात अडकून मासाच लोंबत असेल तर मासा हिसकावून ओढू नये; काट्याचे दाते उलटे असल्यामुळे तो ओढताना आतले मांस फाटते. अशा वेळी पकडीने किंवा कटरने काटा माशाच्या अंगाजवळ छाटून मासा वेगळा करावा. काट्याचे टोक वरवर रुतलेले असेल तर ते ज्या दिशेने शिरले त्याच रेषेत हळूच काढता येते. तो खोल असेल, सांध्यावर असेल, तळहातात आरपार गेला असेल तर त्याला हात न लावता, तो हलणार नाही असा आधार देऊन रुग्णालय गाठावे.

काय करू नये याची यादी आपल्या भागात थोडी लांब आहे. मनगटाला किंवा दंडाला दोरी आवळणे, जखमेवर ब्लेडने चिरा देणे, तोंडाने विष ओढणे यांचा उपयोग नाही आणि अपाय मात्र निश्चित आहे. तंबाखूच्या डबीतला चुना जखमेवर दाबणे ही सवय जुनी आहे. चुना दाहक असल्यामुळे तो कातडी जाळतो. बिब्ब्याने फोड येतात. डाग देण्याविषयी काही न बोललेलेच बरे. राहता राहिली हळद. ज्या सांगलीत हळदीचा सौदा निघतो, तिथे ‘जखमेला हळद लावू नका’ असे लिहिताना हात थोडा थबकतो, परंतु कारण व्यवहाराचे आहे: या दुखापतीत बोटाचा रंग हीच डॉक्टरांना मिळणारी महत्त्वाची माहिती असते. बोट लाल आहे, जांभळे आहे की पांढरे पडले आहे, लाली किती पुढे सरकली आहे, हे पिवळ्या थराखाली दिसत नाही, आणि भुकटीचे कण छिद्रात जाऊन बसतात ते निराळेच.

‘विषावरचे इंजेक्शन द्या’ अशी मागणी दवाखान्यात हटकून होते. आपल्याकडे सापाच्या विषावर जी लस मिळते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांविरुद्ध घोड्यांच्या रक्तातून तयार केलेली असते. माशाच्या विषावर तिचा काहीही परिणाम होत नाही, आणि तिची स्वतःची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. माशाच्या विषावरचे प्रतिविष जगात आहे, पण ते स्टोनफिश नावाच्या समुद्री माशाच्या विषासाठी, ऑस्ट्रेलियात 1959 पासून वापरले जाणारे. शिंगी-मांगूरसाठी असे काही नाही. त्यामुळे डॉक्टरांनी ते इंजेक्शन नाकारले तर तो हलगर्जीपणा समजू नये. ते त्याऐवजी वेदनाशामक देतील, धनुर्वाताच्या लशीची चौकशी करून गरज असल्यास ती देतील, आणि ठणका असह्य असेल तर बोटाच्या मुळाशी सुन्न करणारे इंजेक्शन देतील. बोट सुन्न केल्यानंतर मात्र ते गरम पाण्यात घालू नये, कारण भाजले तरी कळणार नाही.

इथवरची गोष्ट विषाची होती आणि विषाची मुदत तासांची असते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले असे आपण म्हणतो, ते इथे अक्षरशः लागू पडते: ठणका गेला, पण काट्याचे टोक किंवा त्यावरच्या आवरणाचा तुकडा आत राहिला. खरे नुकसान पुष्कळदा तो तुकडा आणि त्याबरोबरचे जंतू करतात. म्हणून ठणका थांबल्यावरही डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे, आणि दुर्दैवाने ठणका थांबला म्हणून नेमके तेच टाळले जाते.

काटा हाडासारखा असल्यामुळे तो एक्स-रेमध्ये बहुधा दिसतो. बारीक तुकडा आणि आवरण मात्र निसटू शकतात, तेव्हा सोनोग्राफीचा उपयोग होतो. जखम खोल असेल तर ती सुन्न करून, गरज पडल्यास थोडी मोठी करून, भरपूर सलाइनच्या पाण्याने आतून धुतात आणि मेलेले मांस व तुकडे काढतात. त्यानंतर अशी जखम सहसा टाके घालून बंद करीत नाहीत. ‘एवढा खर्च केला आणि टाकाही घातला नाही’ ही तक्रार समजण्यासारखी आहे, परंतु खोल आणि घाण गेलेली टोचल्याची जखम वरून शिवणे म्हणजे जंतूंना आत कोंडून दार लावून घेणे होय. हात छातीच्या वर उचलून ठेवायला सांगतात, त्याने सूज उतरते; आणि सूज ओसरताच बोटे हलवायला लावतात, कारण स्थिर ठेवलेले बोट लवकर आखडते.

हातालाच एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी त्याची आतली रचना थोडी पाहावी लागेल. बोट मिटणारा स्नायू बोटात नसून पुढल्या हातात असतो. त्याची ताकद बोटाच्या टोकापर्यंत नेणारी दोरी, म्हणजे स्नायुबंध, एका बंद नळीतून जातो. सायकलच्या ब्रेकची तार जशी आवरणातून सरकते, तसा. या नळीत जंतू शिरले की त्यांना पुढे-मागे धावायला मोकळा रस्ता मिळतो आणि पू साठला की दाबाने स्नायुबंधाचा रक्तपुरवठा बंद पडून तो मरू शकतो. अंगठ्याची आणि करंगळीची नळी तर मनगटाजवळ पुष्कळांमध्ये एकमेकींना जोडलेली असते, त्यामुळे करंगळीला लागलेला काटा अंगठ्यापर्यंत पू नेऊ शकतो. ॲलन कॅनावेल या अमेरिकी शल्यविशारदाने विसाव्या शतकाच्या आरंभी हाताच्या जंतुसंसर्गाचा बारकाईने अभ्यास केला आणि या नळीतल्या संसर्गाची जी लक्षणे सांगितली, ती आजही त्याच्याच नावाने शिकवली जातात. बोट संपूर्ण लांबीत सारखेच फुगते, आपोआप किंचित वाकलेले राहते, नळीच्या रेषेत दाबले असता दुखते, आणि दुसऱ्याने ते हळूच सरळ केले तर जोराची कळ उठते. यांतले चौथे लक्षण घरीही ओळखता येते. ते दिसले तर सकाळपर्यंत थांबू नये. हाताची शस्त्रक्रिया होते अशा ठिकाणी त्याच रात्री पोहोचावे. आपल्या लोकांना मिरजेची वाट सांगावी लागत नाही.

जंतूंचे वेळापत्रक निरनिराळे असते आणि ते समजले तर पुष्कळ गोंधळ टळतो. गोड्या पाण्यातला एरोमोनास नावाचा जंतू घाईचा आहे: एक-दोन दिवसांत लाली, सूज, पू, ताप. तो ॲमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या औषधाला सहसा दाद देत नाही, म्हणून घरात उरलेल्या गोळ्यांची पट्टी इथे बहुतेक फसते. डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातले किंवा दुसरे औषध निवडतात. समुद्राच्या पाण्यातला व्हिब्रिओ याहून उग्र आहे. मधुमेही आणि विशेषतः यकृताचा आजार असलेल्या माणसांत तो काही तासांत काळेनिळे फोड आणून सगळ्या शरीरात पसरू शकतो, त्यामुळे अशा व्यक्तींनी लहानशा काट्यानंतरही वाट पाहू नये.

मासे आणि मांस हाताळणाऱ्यांना होणारा दुसरा एक विकार काही दिवसांनी, बहुधा आठवडाभरात दिसतो: बोटावर जांभळट, स्पष्ट कडेचा चट्टा हळूहळू पसरतो, आग होते, खाजते, पण पू होत नाही. तो पेनिसिलिनने बरा होतो.

सर्वांत फसवा आहे तो मायकोबॅक्टेरियम मॅरिनम, क्षयाच्या जंतूचा दूरचा नातलग. काटा लागून दोन-चार आठवडे, कधी काही महिने उलटतात, माणूस ती घटना विसरतो, आणि मग बोटावर न दुखणारी गाठ येते, ती फुटते, भरत नाही, पुढे हातावर गाठींची ओळ उमटते. हा जंतू 30 ते 32 अंशांच्या आसपास चांगला वाढतो, म्हणून तो शरीराच्या आतल्या उबेपेक्षा गार असलेल्या हातातच रेंगाळतो, आणि प्रयोगशाळेने नमुना नेहमीच्या 37 अंशांत ठेवला तर तो उगवतच नाही. अहवाल ‘जंतू आढळले नाहीत’ असा येतो. संधिवात समजून कोणी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर तो आणखी फोफावतो. योग्य निदान झाले तर उपाय आहे, पण औषधे काही महिने घ्यावी लागतात. या सगळ्या साखळीत निर्णायक ठरते ते रुग्णाने उच्चारलेले एक वाक्य: ‘दीड महिन्यापूर्वी याच बोटाला माशाचा काटा लागला होता.’ मासा कोणता होता, पाणी गोडे होते की खारे, आणि घरात माशांची टाकी आहे का, एवढे सांगितले तरी प्रयोगशाळेला काय शोधायचे ते कळते. काट्याचा तुकडा हाती लागला असेल तर तो बाटलीत घालून सोबत न्यावा.

सावधगिरीचे सांगायचे तर जिवंत शिंगी घरी न आणता विक्रेत्याकडूनच मारून आणि काटे छाटून घेणे सोपे आहे. जाळ्यातून सोडवताना ओले गोणपाट टाकून मासा दाबावा, पकडीने आधी सगळे काटे तोडावेत आणि मगच त्याला हात लावावा. पातळ रबरी हातमोज्यातून काटा सहज आरपार जातो, त्यामुळे जाड मोजेच उपयोगाचे. पूर ओसरताना शेतात आणि गल्लीत साचलेल्या पाण्यात मुले हाताने मासे पकडतात. 2019 किंवा 2021 चा पूर पाहिलेल्यांना हे दृश्य नवे नाही. त्या गढूळ पाण्यात काटा दिसत नाही आणि जंतूंची तर गणतीच नसते. छाटलेले काटे नुसतेच कचऱ्याच्या पिशवीत टाकू नयेत. जाड कागदात गुंडाळून किंवा झाकणाच्या डब्यात घालून टाकावेत, कारण सकाळी घंटागाडीवर ती पिशवी उचलणारा हातही उघडाच असतो.